निधान

सकाळपासून नुसतं गोल गोल फिरूलालंय, म्हटलं मी,
आणि हुबळीहून फोनवरची नागवेणी म्हणाली,
"भाळ निधान ऐतेनु, अक्का?"
तिच्याकडं निधान म्हणजे सावकाश.
माझ्याकडं निधान म्हणजे जमिनीत पुरलेला हंडा.
म्हटलं, व्हय गं, भाळ निधान.

मी लुगड्याचे काठ काढते.
वडगावात, मागाच्या खोलीला लागून जी अंधारी खोली आहे तिथं,
कॉम्प्युटरवर, टिंबं भरत.
एक टिंब म्हणजे एक धागा.
फाईल सेहेचाळीस एमबी, बेटगेरीला जायची,
कार्डं टोचणाऱ्या वीरभद्रप्पाकडं.
नऊला तीन टक्के.
अकराला चार.
बाराला लाईट गेली, परत शून्य.

निदान ज्याचं त्यानं केलं.
हे म्हणाले, मोटरीचा त्रास असेल, माग थांबवून बघ.
माग थांबवला. सगळ्या बोळाला ऐकू येईल अशी शांतता,
आणि चारच टक्के.
मग राऊटर बंद करून, दहा आकडे मोजून, चालू.
मग ज्वारीच्या डब्याआडनं काढून टीव्हीच्या डोक्यावर.
मग पत्र्याचं कपाट दोन हात सरकवलं.
मागं एक जुनी रेशनची पावती निघाली, कानडीत,
माझं आडनाव चुकवलेली.

भाच्यानं बघितलं: बोळात अकरा वायफाय,
सगळे सहा नंबरावर,
पाणी आल्यावर एकाच नळाला घागरी लागाव्यात तसे.
आमची घागर उचलून अकरावर ठेवली.
मोबाईल सीपीयूवर ठेवून मोजलं.
मोबाईलला ऐंशी. खाली, वीतभर अंतरावर, ह्याला दोन.
एका पंगतीतले शेजारी:
एकाच्या पानात सगळं, एकाच्या पानात मीठ.

मोबाईलवरनंच पाठव की, म्हणाला भाचा.
मग ह्याला घरात कशाला ठेवलाय, म्हटलं.
नवा ड्रायव्हर घाल म्हणाला,
तर तो ड्रायव्हरही नेटवरनंच उतरायचा.
पेटीची किल्ली पेटीतच.

तिसऱ्या दिवशी मल्लेशी आला.
चप्पल काढली, गुडघ्यांवर बसला,
सीपीयूच्या पाठीमागं टॉर्च मारला
आणि बराच वेळ काही बोललाच नाही.
"अक्का, ह्याचे कान कुठायत?"

दोन पितळी खुंट. मोकळे. वर कोळ्याचं जाळं.

एक कान सुयांच्या डब्यात सापडला,
काय की असेल म्हणून जपलेला.
दुसरा खिडकीच्या फटीत.
माग चालला की ती खिडकी थडथडते,
म्हणून मीच खोचली होती ती काळी काडी, दीड वर्षामागं,
खोक्यातनं निघालेली, कशाच्याच कामाची दिसत नव्हती.
दीड वर्ष बिचारा बहिरा
भिंतीपलीकडच्या राऊटरचे ओठ वाचत बसला.

मल्लेशीनं दोन्ही बोटांनीच पिळले,
एक उभा, एक कलता.
दोनशे घेतले, चहा नको म्हणाला.
चौऱ्याहत्तर.
मी खुर्चीत नीट बसायच्या आत
फाईल गेली.

सवयीनं उघडून मोठी केली.
तीन दिवस, टक्के चढेपर्यंत, दुसरं करायला काय होतं,
टिंबं बघायची. सोमवारी मोराचा डोळा सापडला, राहिलेला.
मंगळवारी एक धागा जास्तीचा.
दोन्ही वेळा फाईल थांबवली, दुरुस्त केली, परत शून्यावरनं.
आज दिसली तिसरी कोयरी:
सगळ्या पदराकडं बघतात,
हिचं तोंड उलटीकडं.

वीरभद्रप्पाला फोन लावला.
तिकडं टोचायचं मशीन लागल्याचा आवाज.
"अण्णा, निधान!" मी ओरडले, "निधान!"
आमच्याकडं ह्यांनी माग चालू केला होता,
फट मोकळी होती,
आणि त्या थडथडाटात
त्याला काय ऐकू गेलं कुणास ठाऊक.