पान तीनशे बारा

हे घ्या. कव्हरवर जाऊ नका,
त्या बाईचा आणि त्या अजगराचा
आतल्या गोष्टीशी काडीचा संबंध नाही.
पहिली साठ पानं नुसती नावं येतात,
राजांची, नद्यांची, तिन्ही चंद्रांची.
सोसा. लग्नघरात
सगळी नावं पहिल्या दिवशी कुणाच्या ध्यानात राहतात?
एकसष्टाव्या पानावर एक पोरगी विहिरीत हाक मारते
आणि विहीर तिला
तिच्या आईच्या आवाजात ओ देते.
तिथून पुढे तुमचा चहा गार होणार, माझी हमी.

मी कुलाश. ही निळी व्हॅन आठवड्यातून दोनदा
झेझकाझगनहून निघते.
तांब्याच्या खाणीची वसाहत, रेल्वेची चौकी,
मग नुसतं गवत, क्षितिजापर्यंत.
मेंढ्यांच्या रोगांवर चांगली सात पुस्तकं आहेत माझ्याकडे,
धूळ खात.
लोकांना हवेत दुसऱ्या ग्रहांवरचे लोक.
साहजिक आहे. इथं आभाळातून खरंच काहीबाही पडतं.
तोख्तारच्या मेंढवाड्याचं छप्पर
एका रॉकेटच्या टाकीचं आहे,
गारा पडल्या की पातेली आपटल्यासारखं वाजतं.

तोख्तारला पुस्तक सुचवणं म्हणजे उलटतपासणी.
"जहाजावर पाचशे माणसं, प्रवास दोनशे वर्षांचा,
आणि धार कोण काढतं?"
कुणी नाही, म्हटलं. गोळ्या खातात.
त्यानं पुस्तक परत केलं
दोन बोटांत धरून, मेलेल्या उंदरासारखं.
मग मी त्याला ते दिलं
ज्यात माणसं ढग चारायला नेतात.
ढग वितात, हरवतात, एखादा लंगडतो.
अख्खा हिवाळा ठेवून घेतलं.
परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीनं:
'या वाऱ्याला कळप असा वळत नाही.'
आणि खाली, बारीक अक्षरात:
'दुसरा भाग आहे का?'
नाही दुसरा भाग.
मी त्याला अजून "मागवलाय" म्हणते.

खाणीतला वीजतंत्री गेनादी पाक
एका वाक्यात निकाल लावतो:
"यातलं इंजिन चालेल. यातलं लग्न नाही चालणार."

हे सगळं गमतीचं. पण कुणाला काय सुचवलं
यात आपणच उघडे पडतो कधी कधी.
बिबिनूर चौकीवर तिकिटं देते.
तिला मी ते दिलं, ज्यात मेलेली माणसं
वर्षातून एक रात्र
शिंगरू होऊन दारात येतात.
मला आवडलं होतं, एवढाच विचार.
तिचा आयबेक खाणीत गेला
त्याला वर्षही झालं नव्हतं.
आठवलं तेव्हा व्हॅन तीन किलोमीटर पुढे आली होती.

दोन वर्षं पुस्तक आलं नाही.
चौकीवर थांबले की तिची खिडकी बंद.
दंडाच्या वहीत मी तिचं नावच घातलं नाही.

गेल्या मार्चमध्ये, बर्फ चिखल व्हायला लागला तेव्हा,
ती स्वतः आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक,
शेवटचं पान नाही.
फाडलेलं नव्हतं. ब्लेडनं, शिवणीजवळून, सरळ.
"सकाळी तो निघून जातो," ती म्हणाली.
"तेवढं माझ्याकडे राहू दे. बाकीच्यांना कशाला?"

नियमानं ते पुस्तक रद्द व्हायला हवं.
मी आत चिठ्ठी चिकटवली: पान ३१२ नाही.
तेव्हापासून सगळे तेच मागतात.
तोख्तार म्हणतो, गवत हिरवं असेपर्यंत शिंगरू जात नसतं.
पाक म्हणतो, ग्रह फिरतोय म्हणजे सकाळ होणारच,
पण आवाज नेहमीसारखा ठाम नसतो.
मग दोघं माझ्याकडे बघतात. मी वाचलेलं आहे ना.
मी गिअर टाकते.

नाही, ते आज नाही मिळणार.
तुमच्याआधी नऊ जण आहेत.
तोवर ही विहीर न्या.
आणि हो, कोपरे दुमडू नका.