हद्द कायम

सासरे मोजणी खात्यातून निवृत्त.
साठ दिवसांच्या व्हिजावर शारजाला आले
तेव्हा बॅगेत कुळथाचं पीठ, दोन सदरे
आणि एक लांबट टिपणवही होती.

पहिल्या सकाळी फिरून आले, पोटरीला ग्रीस लागलेलं.
"फूटपाथ आहे," बूट सोडत म्हणाले,
"पण त्याच्यावर वस्ती झालीय."

मी हसलो.
अबू शगाऱ्यात अकरा वर्षं काढलेला माणूस याला हसतोच.
रात्री उशिरा येतो, चार चकरा मारतो,
आणि जिथं चाक चढेल तिथं गाडी टेकवतो.

वही भरत गेली.
बकाल्यापासून सलूनपर्यंत एकशे बेचाळीस पावलं.
पैकी चालण्याजोगी एकतीस.
उरलेली रस्त्यावरून,
मागून येणाऱ्या हॉर्नच्या भरवशावर.

पांढरी लँडक्रूझर, आरसा भिंतीला टेकवून.
पिकअप, मागे गाद्या. सोमवार, गुरुवार.
कव्हर घातलेली एक; टायरात हवा नाही,
म्हणजे वहिवाट सिद्ध.

मग माणसं.
शमसुद्दीन, खांद्यावर पाण्याचा कॅन: आडवा होऊन निघतो.
काठीवाले सुदानी मास्तर: थांबतात, बॉनेटवर दोनदा काठी वाजवतात,
कुणी दार उघडेल अशा आशेनं.
रोवेना, बाबागाडी ढकलणारी: तिला आडवं होता येत नाही.
ती आधी बाळाकडे बघते,
मग वळणाकडे,
मग उतरते.
(नावं त्यांनी विचारून घेतलेली. कुठल्या भाषेत, देव जाणे.)

जूनची दुपार. खिडकीतून बोट दाखवलं:
"सावलीचा उतारा कुणाच्या नावावर निघाला बघ."
इमारतीची सावली नेमकी फूटपाथभर,
गाड्या तिच्यात गारेगार,
आणि माणसं टोपीवर रुमाल टाकून उन्हातून.

मी भांडलो.
अण्णा, जागा कुठाय? वाळूचं मैदान होतं,
तिथं टॉवर उभा राहिला. एका घराला तीन गाड्या.
दंडाची रक्कम ऐकाल तर जेवण जाणार नाही.
ऐकून घेतलं सगळं.
"गावात बांध कोरणारा हेच सांगतो," म्हणाले,
"मला तरी कुठाय जागा."

मंगळवारी चप्पलांच्या कपाटावर वही उघडी होती.
मी किल्ली शोधत होतो.
तिरप्या, खात्याच्या अक्षरात
माझाच नंबर.
शेरा नाही. उद्गारचिन्ह नाही.
फक्त: पुढची दोन चाकं वर.
भिंतीपासून अंतर नऊ इंच.
सात वीस. रोवेना उतरली.

चहाला ते काही बोलले नाहीत.
बिस्किट बुडवून खाल्लं, बशी विसळून ठेवली.

त्या रात्री गाडी मशिदीच्याही पलीकडे लावली,
लांब, पैसे भरून.
बारा मिनिटं चालत आलो. लॅपटॉप, दुधाचा कॅन,
घामानं शर्ट पाठीला.
चाललो रस्त्यावरूनच.
माझ्या नेहमीच्या जागी
एक निसान पेट्रोल चढून बसली होती,
इंजिन अजून टिकटिकत होतं.

लिफ्टनं वर आलो.
अण्णा जागे होते.
मांडीवर वही, कानावरची पेन्सिल काढली
आणि म्हणाले,
"नंबर सांग."