नंबर जुळत नाही

फेब्रुवारीतला शनिवार, मोंटाना, लुईसटाउन.
पत्र्याच्या हॉलमध्ये तीनशे टेबलं,
हीटर एकच, तोही दाराशी.
माझ्यापुढे दिवा, भिंग, पितळी ब्रश
आणि पुठ्ठ्यावर लिहिलेलं :
ओळख फुकट. किंमत विचारू नये.
सगळे किंमतच विचारतात.

मर्ना ऑफ्टेडाल आली साडेअकराला.
काखेत शॉवरच्या पडद्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी.
"बाबांची. मागल्या मार्चमध्ये गेले.
ही काय आहे तेवढं सांगा."

मी आधी वास घेतो.
जवसाचं तेल, उंदीर,
आणि वरून कुणीतरी हौसेनं चोपडलेलं फर्निचरचं वॉर्निश.
(इथे मी मनात एक शिवी देतो.)
मग डोळे.
अक्रोडाचं लाकूड, थेट नळीच्या तोंडापर्यंत.
बोल्टची मूठ चपटी, लोण्याच्या सुरीसारखी.
चाप दोन : मागचा ओढला
की पुढचा इतका हळवा होतो
की नुसत्या विचारानंही सुटेल.

स्क्रू काढले. लाकूड बाजूला.
नळीच्या पोटाला शिक्के, जिथे ऊन कधी पोचलं नाही.
मुकुट आणि बी : जादा दारू भरून बार काढला, फुटली नाही.
मुकुट आणि यू : नजरेखालून घातली.
मुकुट आणि जी : आत पीळ आहे.
दिव्यासमोर धरून पाहिली.
गंजानं निम्मी खाल्लेली नळी,
पण पीळ होता. सुंभ जळाल्यावर असतो तसा.

"ओबर्नडॉर्फ," मी म्हणालो, "नेकार नदीच्या काठी.
एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस.
कुणा वनरक्षकानं पगार साठवून घेतली असेल."
तिला बरं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पुढच्या कड्याखाली माझं नख अडकलं.
केसाएवढी फट. करवतीची.
"हे कुणी केलं?"
"तुमच्या वडिलांनी. सैनिकाच्या थैलीत बसेना म्हणून."
"ते तर म्हणायचे, विकत घेतली."

मी भिंग पुसत राहिलो. बराच वेळ.
मग सांगितलं, जसं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं :
पंचेचाळीसचा मे. गावोगाव हुकूम,
बंदुका शाळेच्या अंगणात आणून टाका,
बोल्ट काढून, वेगळ्या ढिगात.
मग आमची पोरं.
एक या ढिगातून, एक त्या ढिगातून,
बसलं की झालं.

नळीवर ८७११४.
बोल्टवर ९१३०६.

"म्हणजे?"
"म्हणजे किंमत निम्मी."
"पण बसतो ना?"
"बसतो."
"चाळीस वर्षं आम्ही हिच्यावर हरणं खाल्ली."
"खाल्ली असतील."

घरी माझ्याकडे निळी वही आहे.
तीनशे बारा नंबर,
परक्या घरी बिनतक्रार नांदणाऱ्या बोल्टांचे.
एकतीस वर्षांत एकही जोडी लागलेली नाही.
बायको म्हणायची, लागली तर काय करशील,
वाजंत्री बोलावशील?
आता ती नाही, आणि मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

त्या दिवशी वही बरोबर होती.
तीनशे तेरावा लिहिला.
"मालक" या रकान्यात तिच्या बापाचं नाव घालायला
पेन टेकवलं,
तर तिनं पानावर हात ठेवला.
"तिथे जागा सोडा."

फट चिकटवून देऊ का, विचारलं.
नको म्हणाली.
मी लाकूड परत बसवलं, स्क्रू आवळले,
तिनं रायफल पडद्यात गुंडाळली.
पडद्यावर छापलेले निळे मासे,
सगळे एकाच दिशेला निघालेले.

मागचा माणूस पुढे सरकला.
"हिचे किती येतील?"