मस्टरवर पेन्सिलनं

ऑर्डर एका पानाची. त्यात 'तात्पुरत्या स्वरूपात'
तीन ठिकाणी, तिसऱ्यांदा अधोरेखित,
जणू पहिल्या दोनदा मी वाचलंच नसतं.
हिप्परकर मॅडम बाळंतपणाच्या रजेवर,
त्यांच्या जागी मी, शकुंतला दऱ्याप्पा ऐवळे,
डी.एड. होऊन अकरा वर्षं झालेली,
त्यातली नऊ कवठेमहांकाळला, बेदाण्याच्या शेडवर.

जतवरनं उमदीची एसटी. फाट्यावर उतरायचं,
दोन किलोमीटर बाभळी, आणि मग एकदम शाळा:
दोन खोल्या, एक हौद,
आणि लांब माळावर सहा पवनचक्क्या,
कुणाच्या आहेत ते गावात कुणालाच सांगता येत नाही.

बिराजदार सरांनी मस्टर पुढं केलं.
छापील नावं दोन. खाली मोकळी ओळ.
"पेन्सिलनंच लिहा बाई, नंतर खाडाखोड नको."
वाईट माणूस नव्हेत.
पेन्सिलीला टोकही त्यांनीच काढून दिलं.
पैशाचं विचारलं तर म्हणाले,
मानधन आहे ते; आधी मान घ्या,
धनाचं मार्चएण्डला बघू.

हजेरी.
"सावक्का?" हजर.
"मलकारी?" हजर.
"अमोगसिद्ध?"
शेवटच्या रांगेतून, खिडकीकडं बघत: "बंदीनि."
खडू तसाच हातात.
बंदिनी? कोण बंदिनी?
वर्ग खदखदला. सावक्का उठली, थोरल्या बहिणीच्या आवाजात:
"बाई, आलोय म्हणतोय तो. कन्नडात."

घरी कन्नड, गल्लीत कन्नड, मेंढरांशी कन्नड,
मराठी फक्त अकरा ते पाच.
मी म्हणायची गाय, तो म्हणायचा आकळ.
मी म्हणायची पाणी, तो म्हणायचा नीर,
आणि मला वाटायचं,
हा तर माझ्यापेक्षा जुनी मराठी बोलतोय.

सप्टेंबरात तक्ता आला. मुलांची प्रतवारी करा:
प्रगत, मध्यम, अप्रगत.
माझ्या बोटांना येतं हे काम.
पट्ट्यावरून दाणे येत राहतात,
हिरवा इकडं, पिवळा तिकडं,
काळा खालच्या टोपलीत,
विचार केला की हात मागं पडतो
आणि मुकादमीण ओरडते.
भराभर भरत गेले.
अमोगसिद्धच्या ओळीवर हात मागं पडला.

मधल्या सुट्टीत, खिचडीचं ताट घेऊन
त्याच्या शेजारी बसले. मेंढरं किती तुमची?
त्यानं आकडा नाही सांगितला.
नावं घेतली.
एकेका नावानंतर थांबायचा,
कान देऊन, ओ यावी तसं.
मी बोटं मोडत गेले, त्रेचाळीस झाली.
त्यातली एक श्रावणात मेलेली, सावक्का म्हणाली,
तिचंही घेतो.

ती ओळ मी कोरी पाठवली.
केंद्रातून फोन आला: "बाई, भरा काहीतरी."
भरलं काहीतरी.
ते मी इथं सांगणार नाही.

एकशे ऐंशी दिवसांनी हिप्परकर मॅडम आल्या,
थोड्या जाड, थोड्या जागरणाच्या,
पर्समधून दुपट्याचं टोक बाहेर.
नमस्ते कुणाला करायचं यावर मुलांचा गोंधळ.
सर खोडरबर शोधत होते. टेबलावर नाही, कपाटात नाही.
अमोगसिद्धनंच दिला त्याचा,
स्ट्रॉबेरीच्या वासाचा, एका बाजूनं चावलेला.
काय खोडायचंय ते त्याला माहीत नव्हतं.
त्याच्याकडं होता, म्हणून दिला.

आता पुन्हा शेड. पहाटेचा टेम्पो,
केसांना रुमाल, बोटांना तोच चिकटा.
मुकादमीण वहीतनं नावं वाचत जाते,
वर न बघता.
"ऐवळे?"
"बंदीनि," माझ्या तोंडून गेलं.
पट्ट्याच्या पलीकडं संखकडची एक बाई
हातातले दाणे टाकून हसायला लागली.
सरकून जागा केली तिनं,
आणि भराभर काहीतरी विचारलं,
त्यातलं निम्मं मला कळलं.