वस्तू पोहोचल्याचा पुरावा

बँकेच्या अर्जात एक चौकट आहे,
तिच्यापुढे लाल चांदणी:
वस्तू पोहोचल्याचा पुरावा.
कुरिअरचा नंबर, घेणाऱ्याची सही,
जमल्यास दारातला फोटो.

मी अक्षरं विकते.
म्हणजे अख्खी बाराखडी, जोडाक्षरांसकट,
एका फाइलीत, सहाशे केबी.
दार नाही, कडी नाही, जिना चढून कोणी येत नाही.
रात्री अकरा बेचाळीसला कोणीतरी बटण दाबतं
आणि भांडुपच्या सातव्या मजल्यावर
माझा फोन एकदा थरथरतो.
माल जातो, तरी माझ्याकडचं काही कमी होत नाही.
हेच तर बँकेला समजावता येत नाही.

फाँटचं नाव साळसकर ठळक.
साळसकर म्हणजे बाबा. चिंचपोकळीच्या पुलाखाली
शिडी, दोन डबे, कानामागे ब्रश.
त्यांचेही पैसे बुडायचे.
‘विश्वास स्टोअर्स’वाल्याने बोर्ड रंगवून घेतला
आणि तीन महिने ‘उद्या’ म्हणत राहिला.
एका पहाटे बाबा टर्पेंटाइनची बाटली घेऊन गेले,
पहिलं अक्षर तेवढं पुसून आले.
दिवसभर रस्त्यावर ‘श्वास स्टोअर्स’.
संध्याकाळी शेठ पैसे घेऊन आला,
धापा टाकत.

माझ्याकडे टर्पेंटाइन नाही.
माझ्याकडे लॉग आहे:
अमुक पत्ता, तमुक यंत्र, तीनदा डाउनलोड.
तीन हजार आठशे रुपयांसाठी अकरा पानं जोडली.
कुरिअरच्या चौकटीत लिहिलं, ‘लागू नाही’.
अर्ज परत. चौकट आकड्यांतच भरावी.

बाविसाव्या दिवशी निकाल:
रक्कम कार्डधारकाला परत,
वर माझ्याकडून पाचशे, चौकशीचा खर्च,
अधिक जीएसटी.

चार दिवस मी त्या कार्डधारकाला शिव्या घातल्या.
वनमाला शेरेकर, अकोला.
ऑर्डरवर नंबर होता. न राहवून लावला.
पलीकडे कुकरची शिट्टी.
“बाई, त्या दिवशी मला चार ठिकाणची बिलं आली.
एक तर कुठल्याशा खेळातल्या तलवारीचं.
फाँट म्हणजे काय असतं हो?”
मी सांगितलं.
“अगं बाई, अक्षरंसुद्धा विकत घ्यावी लागतात?”
राग ठेवायला जागाच उरली नाही.
घेतलं कोणी एकाने, नाव या बाईंचं,
भरणारी मी.

पहिल्या सात प्रतींत माझा ळ चुकला होता.
बाबांच्या हातचा यायचा तसा, डावं पोट जरा सुटलेलं.
पुढे मी तो नीट केला, म्हणजे बिघडवला.
सातांतले सहा गिऱ्हाईक ओळखीचे आहेत.

काल घाटकोपरच्या पुढे, असल्फाच्या वळणावर
नवी पाटी दिसली:
मिसळ. उसळ. भेळ.
तीन ळ. तिघांचंही डावं पोट सुटलेलं.

गल्ल्यावर एक मुलगा, मिसरूडही धड न फुटलेला.
“पाटी कोणी केली?”
“फ्लेक्सवाल्याने. मोबाइलवरच पाठवली.
का, शुद्धलेखन चुकलंय काय?”
नाही म्हटलं. बरोबर आहे.

उसळ खाल्ली. रस्सा जाळ होता.
पंचावन्न रुपये, कोड स्कॅन केला.
काउंटरवरचा डबा बोलला, पंचावन्न रुपये प्राप्त झाले,
आणि मुलाने मान वर न करता
पुढच्याचा कांदा चिरायला घेतला.

बाहेर येऊन थोडा वेळ उभी राहिले.
बाबा, तुमचा ळ असल्फाला लागलाय.
पैसे नाही मिळाले.
दिवे मात्र चांगले सोडलेत त्यांनी वरून,
पार पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येतो.