गळ्यातला आकडा

जानेवारीचा दुसरा रविवार, सोनवाडीचा काठ.
दुर्बिणीच्या काचेवर नाथसागराचं धुकं,
माझ्या वहीत अजून तारखेशिवाय काही नाही.
भिकन घुंगासे होडीतून ओरडतो,
"बाई, थापट्या लिवा तीनशे.
शेकाटे काय मोजायचे, ते घरचेच."

याच रविवारी, म्हणे,
जपानातल्या कुठल्याशा खाडीवर
एक म्हातारा पोस्टमन बोटं मोडत उभा आहे,
टांझानियात, सोड्याच्या तळ्याकाठी,
कुणी मुलगी गुलाबी थवा
दहा-दहाच्या जुड्यांत बांधते आहे.
पृथ्वीभर काठाकाठाला माणसं गप्प,
नुसते ओठ हलताहेत.

ती सापडली गेल्या हिवाळ्यात, भिकनच्या तंगूसात.
डोक्यावर दोन काळ्या रेघा,
गळ्यात हिरवा पट्टा, पट्ट्यावर पांढरी अक्षरं.
पुस्तकात तिला पट्टकादंब म्हणतात.
भिकनला वाटलं, कुणाची पाळलेली असंल,
चोरीचा आळ नको.
चौदाशेचं नवं जाळं त्यानं विळ्यानं फाडलं.
रात्रभर ती त्याच्या घरात, फाटक्या पोत्यावर.
गयाबाई उठून उठून बघायची,
एकदा बोटाला चावा घेतला तिनं.
सकाळी हरभऱ्याचा पाला खाल्ला
आणि गेली, मागं न बघता.

आकडा त्यानं होडीच्या फळीवर कोळशानं काढून ठेवला होता.
लिहून नव्हे, काढून,
जसं कुणी विंचवाचं चित्र काढेल.

मी तो पाठवला, जिथं पाठवतात तिथं.
मार्चात उत्तर आलं, मंगोलियातून,
ओयुन नावाच्या बाईचं.
पट्टा तिनंच घातला होता, जुलैत,
पिसं झडून पाखरं जमिनीवर असतात तेव्हा.
"आमचं तळं अजून दगड आहे.
ती जिवंत आहे हे वाचलं
आणि बाहेर जाऊन घोड्यांना ओरडून सांगितलं.
तुमच्याकडे ती उतरते
तिथं पाण्याखाली काय आहे?"

तिला शेवाळ विचारायचं होतं, गाळ, खोली.
मी वाचून दाखवलं तेव्हा
भिकनचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.
"लिवा, मह्या आज्याचं घर हाये.
मारुतीचा पार हाये.
पाराम्होरं पांढरीची जवारी,
माणूस उभा दिसायचा न्हाई आशी.
अन् आमालाबी आकडा दिलता तव्हा."
पेटीतून कागद काढला,
प्रकल्पग्रस्ताचा दाखला, बापाच्या नावाचा.
घडीवर झिजून
मधले दोन अंक गेलेले.
"तिचा बरा," म्हणाला, "पुसत न्हाई."

हे मी कळवलं नाही.
तळ: गाळ. खोली: दोन मीटर.
पाणवनस्पती: भरपूर.
रकान्यात तेवढंच मावत होतं.

मला पाखरं आवडतात, हे खरं.
त्यांच्यासाठी मी शाळेतल्या पोरांना
गोफणी पुरायला लावल्या आहेत.
पण ती उतरावीत म्हणून कुणी उठलं होतं,
चुलीसकट, जात्यासकट,
हे मला भिकनच्या होडीत बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.
आता अभयारण्याच्या पाटीखाली
गार्ड त्याचं जाळं जप्त करतो.
गार्डचंही बरोबर आहे.
जाळ्यात दरसाल चाळीसेक माना अडकतात,
सगळ्यांच्याच गळ्यात काही पट्टा नसतो.

उन्हं वर आली. उत्तरेकडून आवाज,
कुणीतरी लांब दार ओढतंय असा,
मग रांग, वाकडी, मग सरळ,
मग पाण्यावर पोटं घासत एक-एक.
मी मोजते. एकशे बारा.
एकीच्या गळ्यात हिरवं काहीतरी,
अक्षरांपाशीच धुक्याचा बोळा.
"तीच हाये," भिकन म्हणतो.
वाचता आलं नाही तर लिहायचं नसतं, असा नियम आहे.
"बराबर पारावर उतरली बगा."

मी आकड्याची जागा कोरी ठेवते.
शेरा म्हणून शेवटचा एक रकाना असतो,
तो कुणी भरत नाही.
तिथं लिहिते, ओयुनला वाचता येईल अशा अक्षरांत,
खाली ज्वारी.

"लिवलं का?"
लिहिलं.
तो डालड्याच्या डब्यानं
होडीत झिरपलेलं पाणी उपसायला लागतो.