नागूबाईचा दाखला

खानापूरला संध्याकाळी लाइट गेली
की मी कपाटातले खंड काढते,
आली की कॉम्प्युटर.
देसाई वकील म्हणतात, "वहिवाटीवर वरच्या कोर्टाचं
जुनं काहीतरी असेल बघ की, प्रेमा. असतंयच."

पक्षकार रवळू बिर्जे, जांबोटीच्या बाजूचा.
शेजाऱ्यानं काजूच्या बागेला तार मारली
आणि रवळूची शेतात जायची वाट तारेच्या आत राहिली.
एवढंच प्रकरण. अडीच हात रुंद,
पोराला हाक ऐकू जाईल एवढं लांब.

शोधाच्या चौकटीत "वाट" टाकून काही येत नाही.
इंग्रजीत पाथवे, कार्ट ट्रॅक, राइट ऑफ वे;
मूळ कागदात कानडी: दारी.
पहिल्या वर्षी मी "दारी" वाचून समजले होते
की कुणाच्या तरी दारात भांडण झालंय.
झालेलं असायचंच.

चारशे बारा निकाल.
बिदरची गटारं, कोलारमधली बोळं,
मंगळूरकडच्या एका चर्चची पायरी,
मग एकविसाव्या पानावर नागव्वा उर्फ नागूबाई,
तालुका खानापूर.
साल एकोणनव्वद. धारवाडला बेंच यायच्या कितीतरी आधी,
म्हणजे फाइल बेंगळूरला गेली असणार
आणि नागूबाई गेली नसणार.

तिच्याही वाटेवर तारच.
साडेपाच पानांत तिचं एकच वाक्य आहे,
साक्षीतलं, तीन भाषांतून गाळून आलेलं:
सासूच्या डोक्यावर भारा होता तेव्हापासून ही वाट आहे.
कोर्टानं ते ग्राह्य धरलं.
अपील अंशतः मंजूर. प्रकरण फेरविचारासाठी खाली परत.

खालचं कोर्ट म्हणजे आमच्या खिडकीतून दिसतं ते,
चहाच्या गाडीमागचं.
तिथले निकाल कुणी छापत नाही.

वरती मात्र ती चालतच राहिली.
चौऱ्याण्णवला तिचा दाखला दिला, दोन हजार एकला दोनदा,
कुठं नागम्मा, कुठं नागाबाई, कुठं नुसतीच एन. बाई,
आणि रायचूरच्या एका दाव्यात
चक्क "सदर नागप्पा यांनी".
सतरा जणांना वाट मिळाली तिच्या नावावर.
तिला मिळाली का,
हे टाइप करायला चौकट नाही.

सोमवारी रवळू तारखेला आला, त्याला विचारलं.
"नागूक्का? वरच्या वाडीची?
ती काय निकालाला थांबली होती व्हय!
तार उचलायची, वाकायची, जायची.
लुगडी तेवढी सगळी
पाठीवर एकाच जागी फाटलेली."

टिपणात मी तिचा दाखला घेतला. खंड, साल, पान.
नाव छापलंय तसंच ठेवावं लागतं, नाहीतर सापडत नाही.
समासात पेन्सिलीनं नीट लिहिलं,
दीर्घ ऊकार काढून.

"हे काय लिहिलंस कडेला?" देसाई वकील.
काही नाही म्हटलं, स्पेलिंग.